ओके दाबायच्या आधी: डेटाबेसच्या एरर वाचायला शिकताना

"एरर येतेय."

"काय लिहिलंय त्यात?"

"ते नाही बघितलं. ओके करून टाकलं."

डेटाबेसच्या कामात आल्यापासून हा संवाद मी असंख्य वेळा ऐकलाय, आणि सुरुवातीच्या वर्षात ओके करून टाकणारी मीच होते. डेटा एन्ट्री करता करता ॲक्सेसच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रामच्या, फायली सांभाळायचं काम अंगावर आलं. शिकवायला कुणी नव्हतं. एररची खिडकी उघडली की छातीत धस्स व्हायचं आणि ती लवकरात लवकर बंद करावीशी वाटायची. आता कुणी नवीन माणूस हाताखाली आला की मी आधी त्याला एरर वाचायला शिकवते, क्वेरी, म्हणजे डेटा शोधायची किंवा बदलायची आज्ञा, त्यानंतर. क्वेरी लिहायला शिकवणारे खूप भेटतात. एरर समोर असताना काय बघायचं, हे मात्र ज्याचं त्यालाच चाचपडत शोधावं लागतं.

खिडकी बंद करण्याआधी नंबर आणि शब्द जसेच्या तसे टिपून घ्या, किंवा सरळ फोटो काढा. त्याबरोबर त्या क्षणी आपण काय करत होतो तेही लिहा. हे शेवटचं लोक हमखास विसरतात. रेकॉर्ड सेव्ह करताना आलेली एरर आणि फॉर्म उघडताना आलेली तीच एरर, ही दोन वेगळी दुखणी असू शकतात.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो नंबरावरून बोलणारा ओळखण्याचा. ॲक्सेसच्या आत तिघं जण काम करतात. एक व्हीबीए, म्हणजे आपण लिहिलेला कोड चालवणारा. दुसरा ॲक्सेस स्वतः, म्हणजे फॉर्म, रिपोर्ट आणि बटणं सांभाळणारा. तिसरा इंजिन, जो टेबलांमधला डेटा प्रत्यक्ष वाचतो आणि लिहितो. जुन्या एमडीबी फायलींच्या काळात त्याला जेट म्हणत, २००७ च्या आवृत्तीपासून एसीई म्हणतात. ढोबळमानाने लहान नंबर व्हीबीएचे: १३ म्हणजे टाइप मिसमॅच, ९४ म्हणजे इनव्हॅलिड यूज ऑफ नल (नल म्हणजे रिकामी किंमत). दोन हजारांच्या घरातले ॲक्सेसचे. तीन हजारांच्या घरातले इंजिनाचे. ९४ आली तर आपल्या कोडमध्ये रिकामं फील्ड कुठल्या व्हेरिएबलमध्ये जातंय ते बघायचं. ३०२२, म्हणजे दुबार किमतीची एरर, आली तर कोड वाचत बसण्यात वेळ घालवायचा नाही, टेबलाकडे जायचं.

तिघं वेगळे आहेत हे मला खऱ्या अर्थाने पटलं ते ३०६१ मुळे. "टू फ्यू पॅरामीटर्स. एक्सपेक्टेड १." एक क्वेरी मी डबल क्लिक करून चालवली की छान चालायची. तीच कोडमधून एक्झिक्यूट केली की ३०६१. दोन दिवस मी क्वेरी पुन्हा पुन्हा लिहीत होते. क्वेरीच्या अटीत फॉर्मवरच्या एका कंट्रोलचा उल्लेख होता. डबल क्लिक केल्यावर मध्ये ॲक्सेस असतो, त्याला उघडा फॉर्म दिसतो, तो तिथली किंमत उचलून इंजिनाला देतो. कोडमधून एक्झिक्यूट केलं की काम थेट इंजिनाकडे जातं, आणि इंजिनाला फॉर्म म्हणजे काय ते ठाऊकच नाही. त्याच्या लेखी ते एक अनोळखी नाव. इंजिनाचा नियम असा की जे नाव ओळखता येत नाही ते पॅरामीटर समजायचं आणि त्याची किंमत मागायची. म्हणून "एक्सपेक्टेड १" याचा अर्थ: तुझ्या क्वेरीत एक नाव मला ओळखू आलं नाही.

एवढं कळलं की ३०६१ सोपी होते. ते अनोळखी नाव म्हणजे फील्डच्या स्पेलिंगची चूक असेल, फॉर्मचा उल्लेख असेल, किंवा मजकुराला अवतरण चिन्ह द्यायचं राहिलं असेल. अटीत विभाग = लेखा असं लिहिलं आणि लेखाभोवती अवतरण नसलं, तर इंजिन लेखा नावाचं फील्ड शोधतं. क्वेरीच्या खिडकीत "एंटर पॅरामीटर व्हॅल्यू" असा अनपेक्षित डबा येतो ना, तो याच दुखण्याचा दुसरा चेहरा. त्याचाच उपयोग करून घ्यायचा. कोडमध्ये एसक्यूएलची (क्वेरी लिहायच्या भाषेची) जी ओळ तयार होते ती डीबग प्रिंटने इमिजिएट विंडोत छापा, तिथून कॉपी करून नव्या क्वेरीच्या एसक्यूएल व्ह्यूमध्ये चिकटवा आणि चालवा. डब्यावर त्या अनोळखी नावाचं नावच लिहिलेलं येतं. डबा न येता क्वेरी चालली, तर दोष बहुधा फॉर्मच्या उल्लेखाचा. मग ती किंमत कोडमध्ये आधी काढून घ्यायची आणि ओळीत जोडायची, किंवा पॅरामीटर म्हणून द्यायची.

आता एका खिडकीबद्दल सविस्तर सांगते, कारण तिच्यामुळे माझं सगळ्यात मोठं नुकसान झालं. अपेंड क्वेरी, म्हणजे टेबलात नवे रेकॉर्ड्स जोडणारी क्वेरी, चालवताना कधी कधी ॲक्सेस एक लांबलचक मजकूर दाखवतो: सगळे रेकॉर्ड्स जोडता येत नाहीत, इतकी फील्ड्स टाइप कन्व्हर्जन फेल्युअरमुळे नल केली, इतके रेकॉर्ड्स 'की' व्हायोलेशनमुळे (की म्हणजे रेकॉर्डची ओळख पटवणारं फील्ड) घेतले नाहीत, इतके लॉक व्हायोलेशनमुळे, इतके व्हॅलिडेशन रूलमुळे. आणि खाली विचारतो, तरीही चालवू का? मी एक्सेलमधून पावत्यांची मोठी यादी आणत होते. येस केलं. महिनाअखेरीला बेरीज जुळेना तेव्हा पहिल्यांदा त्या आकड्यांकडे नीट बघितलं.

हे चार आकडे चार वेगळ्या गोष्टी सांगतात आणि त्यातला पहिला सगळ्यात घातक आहे. की, लॉक आणि व्हॅलिडेशन या तिन्हींत रेकॉर्ड आतच येत नाही, म्हणजे मोजणी केली की कमतरता दिसते. टाइप कन्व्हर्जनमध्ये रेकॉर्ड येतो, पण जे फील्ड बदलता आलं नाही ते रिकामं राहतं. मोजणी बरोबर, रक्कम गायब. माझ्या यादीत काही रकमांच्या पुढे, त्याच रकान्यात, कुणीतरी "बाकी" असा शेरा टाइप केला होता. त्या सगळ्या रकमा रिकाम्या होऊन आल्या होत्या. की व्हायोलेशन म्हणजे फक्त दुबार नंबर, असंही समजू नका. पावती ज्या सभासदाची, तो सभासदांच्या टेबलात नसेल आणि रिलेशनशिपचा (दोन टेबलांमधल्या नात्याचा) नियम लावलेला असेल, तर तो रेकॉर्डही याच आकड्यात मोजला जातो.

तेव्हापासून बाहेरचा डेटा मी मुख्य टेबलात थेट घेत नाही. आधी एका तात्पुरत्या टेबलात आणते, जिथे सगळी फील्ड्स टेक्स्ट ठेवलेली असतात, त्यामुळे काही हरवत नाही. मग फाइंड डुप्लिकेट्स आणि फाइंड अनमॅच्ड या दोन विझार्डनी दुबार आणि अनाथ रेकॉर्ड्स बाहेर काढते, रकमा आणि तारखा तपासते, आणि मगच अपेंड. वेळ जास्त लागतो. लागू दे.

कोडमधून हेच करताना आणखी एक धोका. सेटवॉर्निंग्ज फॉल्स केलं, म्हणजे ॲक्सेसच्या सूचना बंद केल्या, की ती खिडकी येतच नाही, रेकॉर्ड्स निमूट गळतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. त्याऐवजी करंटडीबीचं एक्झिक्यूट वापरा आणि सोबत डीबीफेलऑनएरर हा पर्याय द्या. मग एकही रेकॉर्ड अडला तर एरर येते आणि त्या क्वेरीने केलेले बदल मागे घेतले जातात. एरर आलेली परवडते.

तारखांच्या बाबतीत तर ती येतही नाही. एसक्यूएलमध्ये दोन हॅशच्या मध्ये लिहिलेली तारीख इंजिन आधी महिना, मग दिवस अशी वाचतं, तुमच्या कॉम्प्युटरची सेटिंग काहीही असो. ०५/०४ लिहून तुम्हाला ५ एप्रिल म्हणायचं असेल तर इंजिन ४ मे धरतं. १३/०४ लिहिलं तर तेरावा महिना नसल्यामुळे ते गुपचूप १३ एप्रिल समजून घेतं. म्हणजे महिन्याच्या शेवटी चाचणी घेतली तर सगळं बरोबर, पहिल्या बारा दिवसांत उत्तरं चूक. कोडमध्ये तारीख नेहमी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहायची.

३०२२ ही नवशिक्याला लवकर भेटणारी एरर. मजकूर लांब आहे, अर्थ इतकाच की इंडेक्स, प्रायमरी की किंवा रिलेशनशिपमध्ये दुबार किंमत तयार होईल म्हणून बदल नाकारला. बहुतेक वेळा खरंच कुणीतरी तोच नंबर दुसऱ्यांदा टाकत असतं. पण एकदा ती अशा टेबलावर यायला लागली जिथे की म्हणजे ऑटोनंबर होता, आणि ऑटोनंबर तर सॉफ्टवेअर स्वतः देतं. टाइप करणारी मुलगी रडकुंडीला आली होती, कारण तिची काहीच चूक नव्हती. रेकॉर्ड नवीन, नंबर आपोआप, तरी दुबार. मी टेबल उघडून बघितलं: सगळ्यात मोठा नंबर आठ हजारांच्या पुढचा, आणि नवीन रेकॉर्डला मिळत होता तीनशे बारा. आदल्या दिवशी मीच एका लिंक्ड टेबलात (म्हणजे दुसऱ्या फाइलमधून जोडलेल्या टेबलात) जुने, चुकून डिलीट झालेले काही रेकॉर्ड्स त्यांच्या मूळ नंबरांसह अपेंड केले होते. त्यातला शेवटचा तीनशे अकरा. अशा अपेंडनंतर ऑटोनंबरची पुढची मोजणी त्या शेवटच्या नंबरापासून सुरू होऊ शकते, हे मला माहीत नव्हतं. मूळ फाइल उघडून ऑल्टर टेबलच्या एका ओळीने त्या फील्डला काउंटर म्हणून सगळ्यात मोठ्या नंबरापुढचा आकडा दिला आणि काम सुरू झालं. त्या मुलीला मी आधी जाऊन सांगितलं की चूक माझ्या कालच्या कामातली आहे. एरर ज्याच्या स्क्रीनवर येते त्याचीच ती असते, असं नसतं.

काही मजकूर वेगळ्याच दिशेला बोट दाखवतात, ते पाठ असलेले बरे. "ऑपरेशन मस्ट यूज ॲन अपडेटेबल क्वेरी", नंबर ३०७३. क्वेरीत बेरजा किंवा ग्रुपिंग असेल तर दोष क्वेरीचाच. पण साधी अपडेट क्वेरी असून ही एरर आली तर फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे लिहिण्याची परवानगी आहे का ते बघा. इंजिनाला त्याच फोल्डरमध्ये लॉक फाइल तयार करावी लागते. "इनव्हॅलिड आर्ग्युमेंट" अशी अगदी मोघम एरर अचानक यायला लागली तर फाइलचा आकार तपासा. ॲक्सेसच्या फाइलची मर्यादा २ जीबी आहे आणि तिच्याजवळ पोचल्यावर हाच मजकूर येतो, त्यात आकाराचं नावही नसतं. "फाइल शेअरिंग लॉक काउंट एक्सीडेड", ३०५२: एका दमात फार रेकॉर्ड्स बदलायला घेतलेत. लॉकची मर्यादा मुळात ९५०० असते. काम तुकड्यांत करा किंवा मर्यादा वाढवून घ्या.

"अनरेकग्नाइझ्ड डेटाबेस फॉरमॅट", ३३४३, ही आली तर मात्र हात थांबवा. नव्या आवृत्तीची फाइल जुन्यात उघडली असेल तर काळजी नाही. पण फाइल बिघडली असेल तर पहिल्यांदा सगळ्यांना बाहेर काढून तिची कॉपी घ्या, आणि कॉम्पॅक्ट अँड रिपेअर त्या कॉपीवर करा. मूळ फाइलवर घाईने रिपेअर करून उरलासुरला डेटा गमावलेली माणसं मी बघितली आहेत.

कोड लिहायला लागाल तेव्हा ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट ही ओळ कुणीतरी शिकवेलच. ती वापरली की एरर दिसायच्या बंद होतात आणि कोड पुढच्या ओळीवर जातो, अर्धवट कामासकट. २५०१ सारख्या ठिकाणी, म्हणजे रिपोर्ट उघडणं आपणच रद्द केलं तेव्हा, तेवढाच नंबर तपासून सोडून देणं योग्य. बाकीच्या एरर मी एका वेगळ्या टेबलात लिहून ठेवते: नंबर, मजकूर, प्रोसीजरचं नाव, वेळ, कोण काम करत होतं. फाइलमेकर या दुसऱ्या डेटाबेस प्रोग्रामवर काम करणाऱ्यांनाही हेच लागू. तिथे सेट एरर कॅप्चर चालू केलं की लगेच गेट लास्टएरर वाचायचं. ४०१ म्हणजे शोधात काही सापडलं नाही, ३०१ म्हणजे तो रेकॉर्ड दुसऱ्या कुणाकडे उघडा आहे. एकीवर फक्त निरोप द्यायचा, दुसरीवर थांबून पुन्हा प्रयत्न करायचा.

सराव करायचा असेल तर एक रिकामी फाइल घ्या. सभासद आणि पावत्या अशी दोन टेबलं करा, मध्ये रिलेशनशिप लावा. मग मुद्दाम नसलेल्या सभासदाची पावती टाका, ३२०१ येईल. ज्याच्या पावत्या आहेत असा सभासद डिलीट करा, ३२०० येईल. ज्या फॉर्मवर टेक्स्टबॉक्स आहे त्यात फील्डचं नाव चुकीचं लिहा, हॅश लावून "नेम?" असं दिसेल. टेबलात हात घालून हे करताना खिडकीत मजकूर येईल, नंबर दिसेलच असं नाही. तेच काम कोडमधून केलं की नंबरही मिळतो. प्रत्येक वेळी मजकूर वहीत उतरवा आणि शेजारी तुम्ही नेमकं काय केलं होतं ते लिहा.