जांघेचं दुखणं पुन्हा पुन्हा उलटतंय? या चुका टाळा

चढाईत बोनससाठी पाय लांबवला की जांघेत कळ. आठवडाभर घरी बसलं की बरं वाटतं, पुन्हा मॅटवर उतरलं की तीच कळ. प्रभादेवी-लालबागच्या कबड्डी संघांत आणि मुंबईभरच्या टर्फवर हे चक्र महिनोन्‌महिने चालतं. पुष्कळदा खोट उपचाराच्या पद्धतीतच असते.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे ताणत राहणं. तळवे जुळवून, गुडघे दोन्ही बाजूंना दाबून बसायचं आणि ‘मोकळं वाटलं’ म्हणायचं. मांडीचा आतला स्नायू, म्हणजे ॲडक्टर, जघनास्थीला, म्हणजे ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाला, जिथे चिकटतो तिथलीच कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) बहुधा दुखावलेली असते. आपण ताणतो नेमकं तिलाच. स्नायू आखडलेला वाटतो, पण बऱ्याचदा तो दुखरी जागा सांभाळायला ताठ झालेला असतो. त्याला ताकद हवी असते. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅनिश अभ्यासात मालिश, लेसर आणि स्ट्रेचिंग घेतलेल्या 30 खेळाडूंपैकी फक्त 4 जण वेदनेशिवाय पूर्वीच्या पातळीवर खेळू लागले. 8 ते 12 आठवडे व्यायाम केलेल्या 29 पैकी 23 जणांना ते जमलं.

सुरुवात साधी आहे. पाठीवर झोपा, पाय सरळ ठेवा, पावलांमध्ये फुटबॉल धरून 30 सेकंद दाबा. असं 10 वेळा. मग गुडघे वाकवून, चेंडू गुडघ्यांमध्ये धरून तेवढंच.

दुसरी चूक उलट टोकाची: व्हिडिओ बघून पहिल्याच दिवशी ‘कोपनहेगन’ नावाचा व्यायाम. यात कुशीवर असताना वरचा पाय जोडीदार घोट्याशी धरतो आणि अख्खं शरीर त्या पायावर उचलायचं असतं. दुखऱ्या जांघेला हा भार झेपत नाही. आधी कुशीवर झोपून नुसता खालचा पाय उचला. तो त्रासाशिवाय जमला की वरचा गुडघा बाकावर टेकवून शरीर उचला. घोट्याचा आधार त्यानंतर. वर जायला 3 सेकंद, खाली यायला 3 सेकंद. खाली येणं घाईत उरकू नका. पावसाळ्यात चिखलात पाय बाहेर घसरतो तेव्हा ॲडक्टरला लांबता लांबताच ब्रेक लावावा लागतो, आणि तेच काम इथे शिकवलं जातं. कंबर खाली लोंबली किंवा मागे गेली तर सेट तिथेच थांबवा. हंगामापूर्वी आठवड्यातून 3 दिवस, हंगामात 1 दिवस. नॉर्वेतल्या पुरुष फुटबॉलपटूंमध्ये एवढ्याच शिस्तीने जांघेच्या तक्रारींचा धोका 41 टक्क्यांनी घटला.

‘आज दुखत नाही’ हा निकष फसवा आहे. पाठीवर झोपून, पाय सरळ ठेवून, घोट्यांमध्ये जोडीदाराची मूठ 5 सेकंद पूर्ण जोराने दाबा आणि वेदनेला 10 पैकी गुण द्या. 0 ते 2 असेल तर सराव चालू, 3 ते 5 असेल तर भार कमी, 6 किंवा जास्त असेल तर त्या दिवशी खेळ बंद. सरावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासा. गुण चढले असतील तर काल जास्त झालं.

ताकद आली तरी दिशा बदलताना दुखतं, कारण वळण्याची सवय तीच राहते. पाय शरीरापासून फार लांब टेकतो, धड त्याच पायाकडे झुकतं, दुसऱ्या बाजूची कंबर खाली जाते. हे थेट पूर्ण वेगात सुधारत नाही. मोबाइलवर समोरून चित्रीकरण करा. निम्म्या वेगात 45 अंशांचं वळण, मग 90, शेवटी उलट फिरणं. जोरदार किक आणि पायाचा लांब टच सर्वांत शेवटी.

आणि सगळंच ॲडक्टरचं नसतं. खोकताना जांघेत फुगवटा येत असेल, एका पायावर उडी मारताना खोल कळ येत असेल, ताप किंवा रात्रीचं दुखणं असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. वृषणात अचानक तीव्र वेदना सुरू झाली तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. तिथे तासांचा हिशेब असतो.