५-ऑक्सो-ईटीई देऊन न्यूट्रोफिलमधलं कॅल्शियम कसं मोजायचं

पेशीच्या पडद्यातल्या ॲराकिडोनिक ॲसिडवर ५-लिपॉक्सिजिनेज एन्झाइमचं काम झालं की पुढे ल्युकोट्राइन बी-४, ५-ऑक्सो-ईटीई असे लिपिड (चरबीच्या जातीचे) रेणू तयार होतात, ते न्यूट्रोफिलसारख्या पांढऱ्या पेशींवरच्या रिसेप्टरला लागले की काही सेकंदांत पेशीतलं कॅल्शियम वाढतं, आपल्याला तेच मोजायचंय. उंदरावर करून बघू म्हणाल तर नाही जमणार, ५-ऑक्सो-ईटीईचा रिसेप्टर उंदरात नाहीचे! माणसाचंच रक्त लागतं, म्हणून एथिक्स कमिटीची परवानगी आणि रक्त देणाऱ्याची लेखी संमती आधी घ्या.

रक्त हेपॅरिनच्या ट्यूबमध्ये घ्या, डेक्स्ट्रान घालून लाल पेशी खाली बसू द्या, मग वरचा भाग १.०७७ घनतेच्या फायकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारा द्रव) अलगद सोडून सेंट्रिफ्यूज करा. लिम्फोसाइट-मोनोसाइट मधल्या थरात अडकतात, न्यूट्रोफिल तळाला जातात. उरलेल्या लाल पेशी ०.२% सलाइनमध्ये ३० सेकंदच फोडायच्या आणि लगेच तेवढंच १.६% सलाइन ओतायचं. व्होर्टेक्स अजिबात नको, काचेच्या नळ्याही नकोत, न्यूट्रोफिल काचेला चिकटतात आणि तुम्ही काही द्यायच्या आधीच ॲक्टिव्हेट होऊन बसतात. इथपर्यंत बफर कॅल्शियमशिवायचं ठेवा. तळाच्या पेशींत थोडे इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) पण असतात, ५-ऑक्सो-ईटीईला ते फार जोरात प्रतिसाद देतात, त्यामुळे ॲलर्जीवाल्या माणसाचं रक्त असेल तर आकडे जपून वाचा.

मग फ्युरा-२ एएम डाय (पेशीत शिरतो, कॅल्शियमला चिकटला की त्याची चमक बदलते) घालून अंधारात ठेवा, धुवा, मोजायच्या आधी १ मिलीमोलर कॅल्शियम घाला. ३४० आणि ३८० नॅनोमीटरवर एक्सायटेशन, ५१० वर रीडिंग.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोजायच्या बफरमध्ये सीरम किंवा अल्ब्युमिन नको म्हणजे नकोच, असे लिपिड अल्ब्युमिनला जाऊन चिकटतात, पेशीपर्यंत पोचतच नाहीत आणि ग्राफ सपाट येतो, मग लोक उगाच पेशींना दोष देत बसतात. ५-ऑक्सो-ईटीईचा स्टॉक इथेनॉलमध्ये असतो म्हणून आधी तेवढंच नुसतं इथेनॉल देऊन बघा. डोस १ नॅनोमोलरपासून १ मायक्रोमोलरपर्यंत, प्रत्येक डोसला नव्या पेशी. पेशी नीट आहेत का ते एफएमएलपी (न्यूट्रोफिलला हमखास जागं करणारं, जिवाणूंच्या पेप्टाइडसारखं पेप्टाइड) देऊन तपासा.

सिग्नल खरंच त्याच रिसेप्टरचा आहे का बघायचं असेल तर त्याच क्युव्हेटमध्ये ५-ऑक्सो-ईटीई परत द्या, दुसऱ्यांदा उसळी जवळजवळ येत नाही, आणि मग ल्युकोट्राइन बी-४ दिलं की परत येते, कारण त्याचा रिसेप्टर वेगळा, बीएलटी-१.