चित्र जांगड देताय? पावती घ्या
हॉटेलांना, दवाखान्यांना भिंतीवरची चित्रं पुरवणारे सल्लागार बेळगाव-खानापूरकडच्या चित्रकाराकडे आले की म्हणतात, 'द्या, गिऱ्हाइकाला दाखवतो.' म्हणजे जांगडच की, विकलं गेलं तर पैसे, नाही तर माल परत! मग पावतीही तशीच घ्या: माप, माध्यम, तुमची किंमत, त्यांचं कमिशन, परतीची तारीख. पाठीमागचाही फोटो काढून ठेवा. माझं एक चित्र अख्खा पावसाळा कुणाच्या तरी गोदामात पडलं आणि कॅनव्हासवर बुरशी घेऊन परत आलं. कागद नव्हता, बोलणार काय?

खरी मेख कॉपीराइटची. आधीच काढलेलं चित्र विकलं तरी १९५७ च्या कायद्याप्रमाणे कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो. तो द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षांचीच धरतात. पण पैसे ठरवून ऑर्डरीनं रंगवलेल्या चित्राचं उलटं आहे. वेगळा करार नसेल तर कॉपीराइट ऑर्डर देणाऱ्याचा. तुम्ही रंगवलेला राजहंसगड त्यानं शंभर खोल्यांत छापून लावला तरी हात चोळत बसायचं. म्हणून ॲडव्हान्स घेण्याआधीच 'कॉपीराइट चित्रकाराकडे' एवढी ओळ करारात घालून घ्या. करार कन्नडात किंवा इंग्रजीत असेल तर जाणत्याकडून वाचून घ्या, मग सही.