रस्त्याकडेच्या तणाचं काम: नव्याने येणाऱ्या कृषी पदवीधरांसाठी

कृषी महाविद्यालयात तणशास्त्र शिकताना ऊस, सोयाबीन, भात, कांदा असं सगळं येतं. रस्ता येत नाही. पण महामार्गांच्या देखभालीचे करार वर्षानुवर्षांचे असतात. दुभाजकातली कण्हेर आणि बोगनवेल, साइडपट्टीवरचं गवत, गटारातली बेशरम, भरावावरची झुडपं, हे सगळं त्यात येतं आणि त्यासाठी ठेकेदाराला झाडं ओळखणारा माणूस लागतो. मी या कामात आहे. गेल्या काही हंगामांत बऱ्याच नव्या मुलामुलींनी याबद्दल विचारलं, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी हे नीट समजून घ्या की रस्त्याकडेचं तण हिरवं दिसतं म्हणून काढायचं नसतं. वळणावर समोरचं वाहन दिसलं पाहिजे, फलक आणि किलोमीटरचे दगड झाकले जाता कामा नयेत, गटारातून पाणी वाहिलं पाहिजे. गटार तुंबलं की पाणी साइडपट्टीत मुरतं, तिथून डांबराखाली जातं आणि कडा तुटायला लागतात. उन्हाळ्यात वाळलेलं गवत पेटलं तर धुराने रस्ता दिसेनासा होतो. या चार-पाच कारणांपैकी एकही लागू नसेल तर त्या गवताला हात लावू नका, माती तेच धरून ठेवतं. एका रस्त्यावर पुलाच्या पोचमार्गाचा उंच भराव तणनाशक मारून मातीपर्यंत उघडा केलेला मी पाहिला आहे. पुढच्या पावसात त्यावर घळी पडल्या आणि दगडी पिचिंग करण्याची वेळ आली. उतारावर गवत कापायचं, मारायचं नाही. त्यातली फक्त झुडपं उपटायची.

नव्या माणसाला डोस, औषध, पंप यांची घाई असते. माझ्या मते या नोकरीतलं पहिलं काम म्हणजे कुठे फवारायचं नाही याची यादी करणं. रस्ता पायी चालून, चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) लिहीत, दोन्ही बाजूंनी ती करायची. गाडीतून होत नाही. विहीर, ओढा, शेततळं, शाळेचं कुंपण, बस थांबा, मधमाश्यांच्या पेट्या, रोपवाटिका, भाजीचा मळा हे सगळं त्यात येतंच. पण काही गोष्टी अशा आहेत ज्या चालूनही दिसत नाहीत, विचाराव्या लागतात.

पहिला पाऊस पडून गेला की घाटमाथ्यावर आणि कोकणात बायका रस्त्याकडेचा कोवळा टाकळा खुडतात. कुर्डू, भारंगी, कवळाही नेतात. तुमच्या यादीत टाकळा हे रुंद पानाचं तण असतं, त्यांच्यासाठी ती आज संध्याकाळची भाजी असते. तणनाशक मारलेलं झाड लगेच पिवळं पडत नाही, ग्लायफोसेट या नेहमीच्या तणनाशकाचा परिणाम डोळ्यांना दिसायला आठवडा-दहा दिवस जातात. म्हणजे फवारल्याच्या दुसऱ्या दिवशीही तो टाकळा हिरवागार आणि खुडण्यासारखाच दिसतो. गावात जाऊन विचारा, कुठली भाजी कुठून खुडता. जिथून खुडतात तो पट्टा हाताने किंवा कटरने करा.

दुसरी गोष्ट मेंढ्या. धनगरांचे वाडे, म्हणजे कळप घेऊन फिरणारी कुटुंबं, दिवाळीच्या सुमारास खाली उतरतात आणि पावसाआधी परत फिरतात, तेव्हा त्यांची चराई बहुतेक रस्त्याच्या कडेनेच होते. कळप कुठल्या वाटेने जातो हे त्या भागातल्या मुकादमाला ठाऊक असतं. तिसरी गोष्ट, पालखी मार्ग. आषाढीच्या वाटेवर लोक साइडपट्टीवर बसतात, जेवतात, झोपतात, लहान पोरं गवतात लोळतात. पालखीच्या आधी त्या रस्त्यावर फक्त कटर चालवायचा. हे कुठल्या निविदेत लिहिलेलं नसलं तरी तसंच करायचं. साहेब घाई करत असतील तर त्यांना लेखी कळवा, बहुतेक ऐकतात.

आणि चौथी गोष्ट, शेजारचं पीक. 2,4-डी हे औषध रुंद पानाच्या तणांवर चालतं आणि गवताला सोडतं, म्हणून साइडपट्टीसाठी ते सोयीचं वाटतं. पण द्राक्ष, कापूस आणि टोमॅटो ही पिकं त्याला इतकी नाजूक आहेत की वाऱ्याने आलेला हलका तुषारसुद्धा पुरतो. द्राक्षाची पानं अरुंद होतात, शिरा एकमेकींजवळ येऊन पान पंख्यासारखं दिसतं, शेंडा थांबतो. नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट असते, आणि पावसाळ्यानंतरची साइडपट्टी साफ करायची वेळही नेमकी तीच असते. खानदेश-विदर्भात पावसाळाभर रस्त्याला लागून कापूस असतो. अशा शिवारात मी 2,4-डी वापरू देत नाही. त्यातही एस्टर प्रकाराची वाफ होऊन ती नंतरही सरकते, त्यामुळे फवारताना वारा नव्हता हे उत्तर पुरत नाही. पहाटेच्या अगदी निवांत हवेतही बारीक थेंब जमिनीलगत तरंगत लांब जातात. हलकी, एका दिशेची झुळूक, आणि तीही पिकापासून रस्त्याकडे वाहणारी, हीच योग्य वेळ.

आता कायदा. तणनाशकंही कीटकनाशक कायदा, 1968 खालीच येतात, आणि लेबलवर जे लिहिलं आहे त्यापलीकडचा वापर बेकायदा ठरतो. म्हणून लेबलवर बिगर-पीक क्षेत्र असा उल्लेख आहे का ते आधी पाहायचं. सोयाबीनसाठी मंजूर झालेलं औषध कपाटात उरलंय म्हणून रस्त्यावर चालत नाही. ग्लायफोसेटच्या लेबलवर चहाचे मळे आणि बिगर-पीक क्षेत्र आहे. मात्र ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने अधिसूचना काढून ते परवानाधारक कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच वापरण्याचं बंधन घातलं. हे नियम बदलत राहतात, त्यामुळे प्रत्येक हंगामाआधी जिल्हा कृषी कार्यालयातून आजची स्थिती विचारून घ्या आणि ठेकेदाराकडे परवान्याची प्रत मागा. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटला माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या गटात टाकलं, तर अनेक देशांच्या नियामकांनी ते लेबलप्रमाणे वापरायला चालेल असं म्हटलं. वाद मिटलेला नाही. रोज हे औषध हाताळणाऱ्या माणसाने मात्र आपला त्याच्याशी कमीत कमी संपर्क होईल असंच वागावं.

तुम्ही स्वतः परवाना काढू शकता, आणि काढावाच असं माझं मत आहे. त्यासाठी कृषी पदवी किंवा रसायनशास्त्र घेऊन विज्ञान पदवी, आणि मान्यताप्राप्त संस्थेचं किमान 15 दिवसांचं प्रशिक्षण लागतं. हैदराबादची राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था हे प्रशिक्षण देते. परवाना असलेल्या पर्यवेक्षकाचं म्हणणं ठेकेदार वेगळ्या कानाने ऐकतो.

प्रमाणाचा हिशेब मात्र तोंडपाठ हवा. शेतात चूक झाली तर एका शेतात होते, इथे ती मैलभर पसरते. 100 चौरस मीटरचा पट्टा आखा, पंपात साधं पाणी भरा आणि रोज फवारणाऱ्या माणसालाच त्याच्या नेहमीच्या चालीने फवारायला लावा. समजा साडेचार लिटर पाणी लागलं, तर हेक्टरी 450 लिटर झालं. 41 टक्के ग्लायफोसेटचं लेबल हेक्टरी 2 ते 3 लिटर सांगतं. अडीच लिटर धरलं तर 16 लिटरच्या पंपात साधारण 89 मिलि औषध जातं. एका बाजूची दीड मीटर रुंद पट्टी एक किलोमीटर लांब धरली तर क्षेत्र भरतं 1,500 चौरस मीटर, म्हणजे जेमतेम 375 मिलि औषध आणि चार पंपांहून थोडं जास्त पाणी. हा आकडा डोक्यात असला की सकाळी कुणी किलोमीटरला दोन लिटर मागितलं तर तिथेच कळतं की काहीतरी गडबड आहे. माणूस बदलला की चाल बदलते, मोजणी पुन्हा करायची. नोझल फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट हवं. कीटकनाशकाचं बारीक तुषार पाडणारं नोझल या कामाला अजिबात नको. लान्सला, म्हणजे फवारणीच्या नळीला, हूड (टोपी) लावला तर दुभाजकातली झाडंही वाचतात.

पाण्याकडे कुणी लक्ष देत नाही. गढूळ पाण्यातल्या मातीला ग्लायफोसेट चिकटतं आणि निकामी होतं. जड बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियमही त्याला अडवतं. ओढ्याचं लाल पाणी टँकरमध्ये भरून आणलं असेल तर काम पुढे ढकला. जड पाण्यात आधी 100 लिटरला एक-दोन किलो अमोनियम सल्फेट विरघळवून मग औषध टाकतात. तीच गोष्ट पानावरच्या धुळीची. दिवाळीनंतर रस्त्याकडेच्या पानांवर धुळीचा थर असतो, त्यावर फवारलेलं औषध धुळीतच अडकतं. पावसाच्या उघडिपीत, पानं धुतलेली आणि वाढ जोमात असताना, पुढचे सहाएक तास पाऊस नसेल असा दिवस गाठायचा. डिसेंबरात वाळलेल्या गवतावर तणनाशक मारणं म्हणजे पैसे मातीत घालणं. तेव्हा कापा, आणि कापलेलं उचला, नाहीतर तेच पेटतं.

गाजरगवताबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुमचा सगळ्यात जास्त वेळ त्यातच जाणार आहे. 1950च्या दशकाच्या मध्यात ते पुण्यात पहिल्यांदा नोंदवलं गेलं आणि तिथून देशभर गेलं. एका झाडाला हजारो बिया येतात, त्या गाड्यांच्या चाकांना लागून, मुरुमातून, वाहत्या पाण्यातून पुढे जातात. म्हणून फुलं यायच्या आधी काम झालं पाहिजे. फुलल्यावर फवारलं तरी आलेलं बी पिकू शकतं. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय दरवर्षी 16 ते 22 ऑगस्टला गाजरगवत जागृती सप्ताह घेतं, ती तारीख रस्त्याच्या कामालाही बरोबर लागू पडते. ओलीत उपटणं सोपं जातं, पण हातमोजे आणि पूर्ण बाह्या असल्याशिवाय कुणाला उपटायला लावू नका. त्याने होणारी त्वचेची ॲलर्जी एकदा सुरू झाली की त्या माणसाला पुढे हे काम करणं अवघड होतं. 1984 मध्ये मेक्सिकोहून आणून सोडलेला झायगोग्रामा भुंगा पावसाळ्यात ही पानं फस्त करतो. तो दिसला तर तो पट्टा फवारणीतून वगळा. आणि टाकळा दाट उगवला तर गाजरगवताला तिथे जागाच मिळत नाही. टाकळा राखण्याचं हे दुसरं कारण.

झुडपांचं गणित वेगळं आहे. सुबाभूळ आणि वेडी बाभूळ कापली की एका खोडाला पाच-सहा फुटवे येतात. दरवर्षी कटर चालवून आपण ती दाट करत जातो. लेबलवर परवानगी असेल तिथे कापलेल्या बुंध्याला लगेच, काही मिनिटांतच, औषध लावायचं. सालीच्या आतल्या ओल्या कड्याला ते लागलं पाहिजे, मधल्या लाकडाला लावून उपयोग नाही. उशीर झाला की कापलेला भाग सुकतो आणि औषध मुळाकडे जात नाही. घाणेरीला तर औषधाशिवायची पद्धत चांगली आहे. दिल्लीच्या प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. जमिनीच्या दोनएक बोटं खाली मुख्य मूळ कुदळीने तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे फुटवे येणारा भागच निघून जातो. मजुरी जास्त लागते, पण त्या जागी पुन्हा यावं लागत नाही. नंतर तिथे गवत येतंय ना, हे मात्र पाहा. जागा मोकळी राहिली तर रानमोडी शिरते.

माणसांविषयी ठामपणे लिहितो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ती कीटकनाशकं होती, पण ज्या पद्धतीने ती फवारली गेली, उघडे हात, गळका पंप, वाऱ्याला तोंड, अंगावर ओले कपडे, ती पद्धत रस्त्याच्या कामावर आजही दिसते. हातमोजे, मास्क, चष्मा, बूट, साबण आणि हात धुवायला वेगळं पाणी गाडीत नसेल तर त्या दिवशी फवारणी नाही. हे सांगणं पर्यवेक्षकाचं काम आहे, मजुराचं नाही, कारण नाही म्हटलं तर त्याची हजेरी जाते. पॅराक्वाट हे तणनाशक वापरा असं कुणी सुचवलं तर स्पष्ट नकार द्या, त्याच्या विषावर उतारा नाही. रिकामे डबे भोकं पाडून, मोजून परत न्या. रस्त्याकडेला टाकलेला डबा कुणीतरी पाण्यासाठी घरी नेतं. आणि ट्रॅफिकचं विसरू नका. या कामात औषधाइतकाच धोका पाठीमागून येणाऱ्या ट्रकचा आहे. कोन, लाल झेंडेवाला, चमकणारी जॅकेटं, आणि माणसं नेहमी येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून.

पहिल्या हंगामात जुन्या मुकादमाबरोबर राहा, झाडांची त्या भागातली नावं त्याच्याकडून लिहून घ्या. टाकळ्याला विदर्भात तरोटा म्हणतात, घाणेरीला कुठे टणटणी. गावात चौकशी करताना तीच नावं लागतात. फवारणीच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायतीला कळवा आणि जागेवर पाटी लावा. रोजची वही ठेवा: तारीख, वेळ, चेनेज, बाजू, वाऱ्याची दिशा, औषधाचं नाव आणि बॅच क्रमांक, किती पंप झाले, कुणी फवारलं. बागायतदार वाकडं पान घेऊन कार्यालयात आला तर त्याच्यासोबत शेतात जा, रस्त्यापासून बांधापर्यंत नुकसान कसं कमी होत जातं ते पाहा, वही उघडून त्याच्यासमोर ठेवा. चूक आपल्या माणसांची निघाली तर ठेकेदाराला त्याच दिवशी लेखी कळवा आणि कृषी अधिकाऱ्याला पंचनाम्यासाठी बोलवा, कारण नवी फूट आली की नुकसान दाखवणं त्या शेतकऱ्याला कठीण जातं.