भरतीच्या आधी दोन तास

किनाऱ्यावर पक्षी बघायला जायची तयारी दुर्बिणीपासून सुरू करू नका, भरती-ओहोटीच्या तक्त्यापासून करा. हे शहाणपण मला फजितीतून आलं. पहिल्यांदा गट घेऊन निघाले तेव्हा जंगलात जातात तसं उजाडायच्या आत पोचायचं, एवढंच डोक्यात होतं. साडेसहाला सोळा जण हजर आणि समोर ठणठणीत ओहोटी. पाणी कुठल्या कुठे आत गेलेलं, त्याच्या काठाला पक्षी, दुर्बिणीतूनसुद्धा मोहरीएवढे. तीन तास आम्ही मोहऱ्या बघितल्या.

म्हणून आधी भरतीची वेळ बघायची आणि तिच्यावरून दिवस ठरवायचा. भरती पूर्ण होण्याच्या दोनेक तास आधी जागेवर बसलेलं असावं. पाणी चढतं तसा उघडा चिखल आक्रसत जातो आणि तुतवार, चिखल्या, शेकाट्या असे चिखलातले पक्षी चरत चरत आपल्याच दिशेने सरकतात. आपण फक्त हलायचं नाही. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणजे भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. आठवड्यात ही सरक जवळजवळ सहा तासांची होते. गेल्या रविवारी नऊला मस्त भरती होती म्हणून या रविवारीही नऊलाच बोलावलंत, तर सगळ्यांना ओहोटीच दाखवाल. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात चिखल पूर्ण बुडतो, पक्षी एखाद्या उंच पट्ट्यावर दाटीने उभे राहतात आणि मोजणी सोपी होते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फारसं सरकत नाही. नवख्यांना चिखलात चालायला शिकवायचं असेल तर तो दिवस बरा.

आदल्या दिवशी जागा एकदा पायाखालून घाला. सकाळी ऊन कुठून येतं ते बघा, ते पाठीवर हवं. सूर्य समोर असला की सगळे पक्षी काळे दिसतात. चढत्या पाण्याने पाठीमागची वाट कुठे तुटते हे तर बघाच, कारण समोरच्या पक्ष्यांत गुंगलेल्या माणसाला मागचा ओहोळ भरलेला कळत नाही. परतीची वेळ ठरवा आणि ती पाळा. राखीव क्षेत्र असेल तर परवानगी लेखी घ्या, फोनवरच्या ‘या हो’वर जाऊ नका. एका जाणत्यामागे दहा-बारा माणसं पुरे. पुढे एक, सगळ्यांच्या मागे एक, आणि निघताना-परतताना डोकी मोजायची.

सामानाचं फार कौतुक नको. 8×42 ची दुर्बीण पुरते: आठपट मोठं दिसतं, पुढची काच 42 मिलिमीटरची. त्याहून जास्त पटीची घेतली की समुद्रवाऱ्यात हात थरथरतो आणि चित्रही. गटात एक दूरदर्शी (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) आणि तिपाई असली तर खरी मजा, कारण दूरच्या थव्यात कुरव (gull) कुठला आणि सुरय (tern) कुठला हे तिथेच सुटतं. पायांत घट्ट बसणारं काहीतरी घाला. चप्पल चिखल ठेवून घेतो. टोपीला हनुवटीखालून बांधायची दोरी, पाणी, शिट्टी, कोरडे मोजे, फोन ठेवायला घट्ट बंद होणारी पिशवी. भडक कपडे घरी. गुडघ्यापर्यंत रुतलात तर झटापट करू नका: मागे रेलून अंगाचा भार पसरा आणि एकेक पाय हलवत मोकळा करा. हे निघण्यापूर्वीच सांगायचं, रुतल्यावर कोणी ऐकत नाही.

आता ज्याची तयारी कोणीच करत नाही ते: पक्ष्यांना न उठवता बघणं. थवा चरायचा थांबला, माना वर झाल्या, की तुम्ही जास्त जवळ आलात. तिथेच थांबा, दोन पावलं मागे या. सगळ्यांनी एका रांगेत पसरून चालून जाऊ नये, त्यांना तो शिकारीतला हाकाच वाटतो. थवा उडवून फोटो काढणाऱ्याला मी पुढच्या वेळी बोलावत नाही, मग तो कितीही चांगला फोटोग्राफर असो. भरतीच्या वेळी एका पायावर झोपलेला पक्षी आळशी नसतो, तो प्रवासासाठी चरबी राखत असतो. 2022 मध्ये एक गॉडविट, म्हणजे लांब चोचीचा किनाऱ्यावरचा पक्षी, अलास्काहून टास्मानियाला न थांबता गेला: 13,560 किलोमीटर, 11 दिवस. वर्षाचंही नव्हतं ते पिल्लू. ड्रोन, फोनवर वाजवलेले आवाज आणि कुत्री यांना अर्थातच बंदी.

मोजणीचा सराव घरी करा. मूठभर कडधान्य ताटात टाका, पाच सेकंद बघा, आकडा लिहा, मग एकेक मोजा. बहुतेकांचा अंदाज कमीच निघतो. थव्यात आधी दहा मोजायचे, ते दहा केवढी जागा व्यापतात ते डोळ्यात बसवायचं आणि तेवढे तुकडे पाडत जायचं. पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेली रंगीत पट्टी दिसली तर कुठला पाय, सांध्याच्या वर की खाली, रंगांचा क्रम आणि अक्षरं, चारही गोष्टी लिहा. नुसतं ‘पिवळं काहीतरी’ कामाचं नाही. न ओळखलेला पक्षी ‘न ओळखलेला तुतवार’ म्हणूनच लिहावा. जानेवारीतली आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून स्वयंसेवकांच्या अशाच वह्यांवर चालत आली आहे.

त्याच दिवशी किनारा साफ करायचा असेल तर तो नंतर, पाणी उतरल्यावर आणि थव्यापासून लांब. इथे उत्साहच जास्त नुकसान करतो. भरतीरेषेवरचं वाळलेलं समुद्रशैवाल म्हणजे कचरा नव्हे, त्यात बारीक किडे असतात आणि त्यावर पक्षी जगतात. फावड्याने ओढून किनारा गुळगुळीत करू नका. विणीच्या दिवसांत चिखल्या वाळूतल्या जेमतेम खळग्यात अंडी घालतो. ती वाळूच्याच रंगाची असतात, म्हणून त्या काळात कोरड्या वाळूत गर्दी नेऊच नये. हातमोजे जाड हवेत. सुया हाताने उचलायच्या नाहीत, त्यांना चिमटा आणि टणक डबा. जाळ्यात अडकलेला पक्षी दिसला तर ओढाओढ करू नका, जाणकाराला बोलावा. तो नंबर आधीच लिहून ठेवलेला असावा. वजनकाटा न्याच, पण एक वही पण न्या: किती बाटल्या, किती दोरखंड, किती सिगारेटची थोटकं. 1986 मध्ये टेक्ससच्या किनाऱ्यावर सुरू झालेल्या सफाई मोहिमेने वस्तू उचलता उचलता त्या मोजून लिहायची पद्धत घातली, आणि दर सप्टेंबरला जगभर ती अजून चालते.

घरी आल्यावर तिपाईचे पाय गोड्या पाण्याने धुवा, खारं पाणी सांधे खातं. दुर्बिणीच्या काचेवरची वाळू आधी फुंकून उडवा, मग ओल्या मऊ फडक्याने पुसा. उलट केलंत तर काच घासली गेली म्हणून समजा. आणि नोंदी त्याच संध्याकाळी भरून टाका. दुसऱ्या दिवशी चाळीसचे साठ होतात, आणि ते साठ कुठून आले ते कोणालाच आठवत नाही.