एनएफएलच्या नव्या हंगामाचे भाकीत करताना या चुका टाळा

फेब्रुवारीत सुपर बोल हा अंतिम सामना संपला की एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य व्यावसायिक स्पर्धेत सप्टेंबरपर्यंत एकही साखळी सामना होत नाही. मार्चमधील फ्री एजन्सी (करार संपलेल्या खेळाडूंची खरेदी), एप्रिलमधील ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची क्रमवार निवड), मे-जूनमधील सराव आणि ऑगस्टमधील प्री-सीझनचे सराव सामने यांमुळे चर्चा मात्र थांबत नाही. या काळात छातीठोकपणे केलेली कितीतरी भाकिते ऑक्टोबरपर्यंत कोलमडतात. खेळच बेभरवशाचा आहे असे म्हणून अनेक जण विषय संपवतात. माझ्या मते दोष बहुतेक वेळा अंदाज बांधण्याच्या पद्धतीत असतो.

सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे गेल्या हंगामातील विजयांची संख्या हीच संघाची ताकद मानणे. २०२२ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जने १७ पैकी १३ सामने जिंकले आणि आपल्या गटात पहिले स्थान मिळवले. त्याच हंगामात त्यांनी ४२४ गुण केले आणि ४२७ गुण दिले, म्हणजे तेरा सामने जिंकणाऱ्या संघाचा एकूण गुणफरक उणे होता. आठ किंवा त्याहून कमी गुणांनी निकाली निघालेले, म्हणजे एका टचडाउनने (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेल्याच्या सहा गुणांनी) आणि त्यानंतरच्या जादा दोन गुणांनी पारडे फिरू शकले असते असे, ११ सामने त्यांच्या वाट्याला आले आणि ते सगळेच्या सगळे त्यांनी जिंकले.

हे विजय कसे आले ते नोव्हेंबरमधील बफलोच्या सामन्यात स्पष्ट दिसते. बफलो बिल्स २७-२३ असे पुढे होते, मिनिटभराहून कमी वेळ उरला होता आणि चेंडू बिल्सकडेच, पण त्यांच्या स्वतःच्या गोलरेषेला अगदी खेटून होता. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा खेळाडू, जॉश ॲलन याला चेंडू हातात घेऊन जागच्या जागी पुढे रेटायचे होते, इतकेच. पण सेंटरकडून, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूकडून, आलेला चेंडू त्याच्या हातातून निसटला, व्हायकिंग्जच्या एरिक केंड्रिक्सने त्यावर झेप घेतली आणि तो टचडाउन ठरला. बिल्सने बरोबरी साधली खरी, पण जादा वेळेत व्हायकिंग्जने ३३-३० असा विजय मिळवला. हा विजय त्यांनी कमावलाच. मात्र प्रतिस्पर्ध्याच्या हातून चेंडू निसटणे ही पुढच्या वर्षी पुन्हा मागता येण्यासारखी गोष्ट नाही. २०२३ च्या हंगामात व्हायकिंग्जचे पहिले तिन्ही सामने असेच चुरशीचे झाले आणि ते तिन्ही त्यांनी गमावले. ऑक्टोबरच्या अखेरीस क्वार्टरबॅक कर्क कझिन्सही जायबंदी झाला आणि हंगाम ७-१० वर, म्हणजे ७ विजय आणि १० पराभवांवर, संपला. म्हणून कोणत्याही संघाविषयी बोलण्यापूर्वी त्याचा गुणफरक आणि चुरशीच्या सामन्यांतील त्याची कामगिरी शेजारी शेजारी मांडून पाहावी. दोन्हींत मोठी तफावत असेल, तर विजयांच्या आकड्यापेक्षा गुणफरकावर विश्वास ठेवावा.

दुसरी चूक मार्च महिन्यात होते आणि तिचे कारण नावांची भुरळ हे असते. २०११ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने नामदी असोमुघासह अनेक नामवंत खेळाडू घेतले आणि नव्यानेच दाखल झालेल्या व्हिन्स यंगने संघाला ‘ड्रीम टीम’ म्हटले. त्या वर्षी मालक आणि खेळाडू यांच्यातील वादामुळे उन्हाळी सराव जवळजवळ झालाच नव्हता, आणि तोवर ऑफेन्सिव्ह लाइनला (क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या फळीला) शिकवणाऱ्या प्रशिक्षकाकडे संपूर्ण बचावाची सूत्रे दिलेली होती. या दोन गोष्टी वर्तमानपत्रांत छापून आलेल्या होत्या, पण खेळाडूंच्या नावांपुढे त्यांचा विचार फारसा कोणी केला नाही. ईगल्स ८-८ वर थांबले. डेन्व्हर ब्राँकोसची कथा याहून महागडी आहे. २०२२ मध्ये त्यांनी क्वार्टरबॅक रसेल विल्सनसाठी पहिल्या फेरीतील दोन आणि दुसऱ्या फेरीतील दोन ड्राफ्ट-हक्कांसह तीन खेळाडूही सिॲटल सीहॉक्सला दिले, आणि त्याने एकही सामना खेळण्याआधी त्याच्याशी २४.५ कोटी डॉलरचा वाढीव करार केला. डेन्व्हरने त्या हंगामात पाच सामने जिंकले. विल्सन गेल्यामुळे ज्यांना मोडीत काढले गेले होते ते सीहॉक्स नवा क्वार्टरबॅक जीनो स्मिथच्या नेतृत्वाखाली बाद फेरीत पोहोचले. एखादा खेळाडू आला की तो कोणाच्या जागी आला, त्याच्यासमोर कोणती ऑफेन्सिव्ह लाइन उभी राहणार आणि त्याच्यासाठी सॅलरी कॅपमुळे (संघाच्या एकूण पगारखर्चावरील मर्यादेमुळे) कोणाला सोडावे लागले, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्या संघाच्या खात्यात एकही जादा विजय मांडू नये.

ड्राफ्टच्या दुसऱ्याच दिवशी जाणकारांकडून संघांच्या निवडींना दिल्या जाणाऱ्या श्रेणींवर विसंबणे ही तिसरी चूक; तिच्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. २०२१ मध्ये पहिल्या १५ निवडींत पाच क्वार्टरबॅक गेले. त्यांपैकी ट्रे लान्ससाठी सॅन फ्रान्सिस्कोने तीन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क खर्च केले आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याला चौथ्या फेरीच्या एका हक्काच्या बदल्यात डॅलसला देऊन टाकले. त्याच संघाने २०२२ मध्ये सर्वांत शेवटी, २६२ व्या क्रमांकावर निवडलेल्या ब्रॉक पर्डी या क्वार्टरबॅकने त्यांना फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलपर्यंत नेले.

प्री-सीझनमधील निकालांवरून अंदाज बांधणे तर पूर्णपणे सोडून द्यावे. २००८ मध्ये डेट्रॉइट लायन्सने प्री-सीझनचे चारही सामने जिंकले आणि त्यानंतर साखळीतील सोळाही सामने गमावले. २०१७ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सच्या बाबतीत नेमके हेच घडले. या सामन्यांत मुख्य खेळाडू फार थोडा वेळ मैदानात असतात आणि डावपेच मुद्दाम झाकून ठेवलेले असतात. मे-जूनच्या सरावात तर थेट धडक द्यायलाच बंदी असते, त्यामुळे तिथून येणाऱ्या ‘अमुक खेळाडू जबरदस्त तयारीत आहे’ अशा बातम्यांचा अर्थ मर्यादितच घ्यावा. प्री-सीझनमधून घेण्यासारखी एकच बातमी असते आणि ती म्हणजे दुखापतींची.

सामन्यांचे वेळापत्रक जाहीर झाले की सोपे कोणाचे आणि अवघड कोणाचे याच्या याद्या लगेच निघतात. या याद्या बहुधा प्रतिस्पर्ध्यांच्या गेल्या वर्षीच्या विजयांवरून केलेल्या असतात, म्हणजे पहिलीच चूक येथे १७ वेळा केलेली असते. शिवाय प्रत्येक संघाचे १४ सामने आधीच ठरलेले असतात (सहा स्वतःच्या गटातील संघांशी, आठ ठरलेल्या फेरपालटीने) आणि केवळ तीनच सामने गेल्या हंगामातील स्थानावर अवलंबून असतात. १९९० पासून २०२४ पर्यंतच्या प्रत्येक हंगामात आदल्या वर्षी बाद फेरीबाहेर राहिलेले किमान चार संघ आत आले आहेत. तुमच्या यादीत असे चार संघ नसतील तर ती यादी पुन्हा तपासावी.

सर्व हिशेब नीट मांडूनही एक दुखापत तो उधळून लावू शकते. न्यू जर्सीतील मेटलाइफ स्टेडियम ११ सप्टेंबर २०२३ रोजी क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्ससाठी खचाखच भरले होते. न्यू यॉर्क जेट्सकडून खेळताना चौथ्याच स्नॅपला, म्हणजे चौथ्यांदा चेंडू खेळात येताच, त्याची टाचेमागची अकिलीज शीर तुटली आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. म्हणून ‘हा संघ ११ सामने जिंकेल’ असे म्हणण्याऐवजी क्वार्टरबॅक धडधाकट राहिला तर १० ते १२ आणि राखीव खेळाडूवर वेळ आली तर ६ ते ८ असे दोन अंदाज लिहून ठेवावेत. संघ ऑगस्टच्या अखेरीस ५३ खेळाडूंवर येतात, त्यानंतर दोन्ही अंदाज पक्के करावेत.

ऑक्टोबरमध्ये अंदाज चुकतो आहे असे वाटू लागले, तरी तो लगेच फाडून टाकू नये. आधी पराभव कसे झाले ते पाहावे. २०२२ मध्ये डेट्रॉइट लायन्सची सुरुवात १-६ अशी झाली होती. त्या सहा पराभवांपैकी चार केवळ तीन किंवा चार गुणांचे होते, तर न्यू इंग्लंड आणि डॅलस यांच्याविरुद्धचे दोनच मोठे होते. पुढच्या दहा सामन्यांपैकी आठ जिंकून त्यांनी हंगाम ९-८ वर आणला. याउलट पराभव वीस-वीस गुणांचे असतील, किंवा मुख्य क्वार्टरबॅक बाहेर बसला असेल, तर अंदाज त्याच आठवड्यात बदलावा.