घोडी लावली का बे?

सोलापुरात विजापूर रोडला माझं गॅरेज आहे, 26 वर्षं झाली. गाडीखाली शिरणाऱ्या प्रत्येक पोराला मी एवढंच विचारतो, "घोडी लावली का बे?" घोडी म्हणजे उचललेल्या गाडीखाली लावायचा लोखंडी स्टँड. जॅक गाडी वर न्यायला असतो, वर धरून ठेवायला नाही. माझ्या उजव्या करंगळीचं पेर चपटं आहे, ते ह्यापायीच. शिकाऊ होतो, दोन मिनिटांचं काम म्हणून नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घातला. जॅकचं सील गेलं. धाडकन काही झालं नाही, गाडी उगं हळूहळू खाली बसत गेली आणि मला कळलं तेव्हा हात अडकला होता.

गॅरेजात आमच्याकडे घोड्या असतात. तुमच्याकडे रस्त्यावर नसतात, म्हणून पहिला नियम असा: रस्त्यावर फक्त चाक बदलायचं. सायलेन्सर वाजतोय, खाली काय ठिबकतंय, ते बघायला गाडीखाली डोकं घालायचं नाही.

आता जमीन. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 ला जातो, दुपारी डांबर मऊ पडतं आणि जॅकचा एवढासा पाय त्यात रुततो. रस्त्याकडेची काळी माती तर त्याहून वाईट. उन्हाळ्यात दगडासारखी वाटते, एक पाऊस पडला की लोणी. मागच्या उन्हाळ्यात तुळजापूर रोडला एकाची गाडी सोडवायला गेलो होतो. जॅक फिरवून फिरवून त्यांचा हात दुखायला लागला, पण गाडी जागची हलली नव्हती, जॅकच खाली चालला होता. डिकीत फूटभर लांब-रुंद, दीड इंच जाड फळी ठेवा. बाभळीची मिळाली तर उत्तम. मला विचाराल तर फळी नसलेली स्टेपनी म्हणजे अर्धीच स्टेपनी.

गाडी सपाटीवर, रहदारीपासून लांब घ्या. चारी इंडिकेटर, हँडब्रेक, गाडी पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर पी वर. माणसं खाली उतरवा, झोपलेलं पोरगंसुद्धा. जे चाक काढायचं त्याच्या तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून दगड लावा. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांनाच असतो. मागचं एक चाक उचललं की भरवसा निम्म्यावर येतो, तेव्हा पुढचा दगडच गाडी थांबवतो.

नट गाडी खाली असतानाच सैल करायचे, अर्धा आटा पुरे. लोक गाडी उचलतात आणि मग पान्यावर उभं राहून हिसके देतात. त्या हिसक्यानं जॅक कलंडतो. जॅक कुठं लावायचा? दाराखालच्या पत्र्याच्या कडेला चाकाजवळ दोन खाचा असतात, बरोबर त्यांच्या मध्ये. बोटानं चाचपून बघा. खाच सोडून लावलात तर पत्रा दुमडतो.

चाक जमिनीपासून सुटलं की थोडं आणखी वर घ्या, कारण हवा भरलेल्या स्टेपनीला जास्त जागा लागते. काम चालू असताना स्टेपनी आडवी करून दाराखाली सरकवून ठेवा, ती बाहेर काढली की पंक्चर चाक तिथं घाला. जॅक सटकला तर गाडी चाकावर बसेल, तुमच्या हातावर नाही. नट हातानं लावा, समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा, गाडी खाली घेऊन पुन्हा आवळा. पन्नासेक किलोमीटरवर परत एकदा पाना फिरवा. स्टेपनी बारीक चाकाची असेल तर तिच्यावर लिहिलेला वेग पाळा, बहुधा 80 असतो.

गाडी चालूच होत नसेल तर टोचन. ते करायच्या आधी बघा, गाडी कसली आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल इंजिन चालू असेल तरच फिरतं. बंद गाडी ओढली की आतले भाग कोरडे घासतात. इलेक्ट्रिक गाडीची चाकं फिरली की मोटर फिरते. ह्या दोन्हींना फ्लॅटबेडच बोलवा, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक. नॅशनल हायवेला असाल तर मदतीसाठी 1033 ला फोन लावा.

साधी गिअरची गाडी असेल तर बंपरवरचं छोटं झाकण काढून टूलकिटमधला हुक पूर्ण आवळा. काही गाड्यांत आटे उलटे असतात, जबरदस्ती करू नका. दोरी बंपरला किंवा सस्पेन्शनच्या दांड्याला बांधायची नाही. दोन गाड्यांत अंतर पाच मीटरच्या आत ठेवा आणि दोरीच्या मध्यावर जुनी सोलापुरी चादर टाका, ओली असेल तर आणखी चांगलं. दोरी तुटली तर चादर तिला खाली दाबते, आणि आडवं शिरणाऱ्या मोटारसायकलवाल्याला मध्ये दोरी आहे हे दिसतं.

मागच्या गाडीत लायसनवाला माणूस हवा, चावी ऑनवर, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. इंजिन बंद असल्यानं स्टिअरिंग जड लागतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो. पाय पूर्ण ताकदीनं लावावा लागतो, हे त्याला आधीच सांगा. पुढच्यानं क्लच सावकाश सोडायचा, दोरी ताणली गेल्यावरच गॅस. वेग 20. दोरी कायम ताणलेली ठेवायचं काम मागच्याचं, हलक्या ब्रेकनं. आणि दोन गाड्यांच्या मध्ये कुणी उभं राहत नाही, फोटो काढायलासुद्धा नाही.